बसलेली गाडी आणि सोशीक माणूस



गेल्या पंधरवड्यात आपल्या केंद्राच्या ग्रुपवर दोन प्रश्न लागोपाठ आले. पहिला उघडपणे विचारला गेला: दानात मिळालेल्या जुन्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर तेरा हजार रुपये कशाला घालायचे? दुसरा बहुतेकांनी खासगीत विचारला: गुरुवारच्या महाप्रसादाचं काम सोळा वर्षं बघणाऱ्या वैनींनी 'आता मला नको' म्हटलं, हे सेवेत बसतं का?

दोन्हींची उत्तरं वेगवेगळी द्यायची असं ठरलं होतं. पण अंकाच्या कामाला आम्ही चौघीजणी बसलो तेव्हा बोलता बोलता असं झालं की गाडीचं सांगताना वैनींचं निघे आणि वैनींचं सांगताना गाडीचं. शेवटी म्हटलं, एकच लेख करू. हा मजकूर वैनींना आधी वाचून दाखवलाय. त्यांनी दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्यात.

आधी गाडी. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आणि वजनाचा आहे. सात आसनी, उंच, मागे समोरासमोर बाकं असलेली, चौदा वर्षांची गाडी. आपल्यातल्याच एका शेतकरी कुटुंबाने दिली. त्यांच्याकडे ती भाजीच्या क्रेट घेऊन मार्केटला जायची. 'धर्माची गाय आणि दात का गं नाहीत' असं विचारू नये हे आम्हालाही माहीत आहे, आणि कोणी विचारलंही नाही. पण गाडी मागून बसली होती. रिकामी उभी असली तरी नाक वर आणि पाठ खाली, जशी म्हैस उठताना दिसते तशी.

मराठीत हा 'बसणं' शब्द गमतीचा आहे. घडी बसते, हात बसतो, विश्वास बसतो, ते सगळं चांगलं. आवाज बसतो, धंदा बसतो, भिंत बसते, ते वाईट. गाडी बसते ती दुसऱ्या जातीची.

बसलेली गाडी चालत नाही असं नाही. चालते, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. मग होतं काय? मागचं खाली गेलं की पुढचे दिवे वर बघायला लागतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, त्यामुळे स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं रस्ता हवा तसा धरत नाहीत. खड्डा आला की एक्सल थेट वरच्या जाड रबरावर आदळतो, धाडकन आवाज होतो, आणि तो दणका सरळ चॅसीला आणि मागे बसलेल्यांच्या मणक्यांना जातो. आपली गाडी बेळगावात भाजी आणायला वापरायची असती तर एकवेळ चाललं असतं. ती जायची आहे जांबोटी, कणकुंबीकडे, पावसाळ्यात, ज्या वाड्यांची वाट पाण्याने तुटते तिथल्या वीस घरांचं धान्य घेऊन. त्या रस्त्याचं वर्णन करायला नको, आपण सगळेच चोर्ल्यावरून गोव्याला जातो.

गाडी किती बसली हे बघायला गॅरेजचीही गरज नाही. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करायची, चाकांची हवा बरोबर करायची, आणि शिलाईची टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. आपल्या गाडीचं डावीकडे ४५ सेंटिमीटर भरलं, उजवीकडे ४२. तशाच दुसऱ्या चांगल्या गाडीचं मोजलं तर दोन्हीकडे ४९. म्हणजे बसली होतीच, वर एका बाजूला कलली होती. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी रविवारी एकदा टेप लावून बघावी. दोन मिनिटांचं काम आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकू, कारण ग्रुपवर तिघांनी तोच सल्ला दिला: 'शॉकअप बदला, गाडी उचलेल.' नाही उचलणार. वजन पेलायचं काम पाट्याचं, किंवा ज्या गाड्यांना गोल स्प्रिंग असते त्यांत त्या स्प्रिंगचं. बोलेरोसारख्या गाड्यांना मागे पाटे असतात, इनोव्हासारख्यांना गोल स्प्रिंगा. शॉकअप कुठल्याही गाडीत फक्त हेलकावे आवरतो. खड्डा गेल्यावर गाडी झुलत राहिली तर शॉकअप गेला समजावं. गाडी खाली बसली तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

घरातही असे दोघे असतात बघा. एक वजन पेलणारं आणि एक हेलकावे आवरणारं. 'होईल गं सगळं नीट, काळजी करू नको' म्हणणारं माणूस घराला हवंच, त्याच्याशिवाय घर उलटेल. पण त्याच्या म्हणण्याने पेलणाऱ्याच्या अंगावरचं किलोभरही ओझं कमी होत नाही. आणि आभार मात्र बहुतेक वेळा धीर देणाऱ्याचेच मानले जातात, कारण त्याचं बोलणं ऐकू येतं. पाट्याचा आवाज येत नाही.

हे पाटे असतात तरी कसे? पोलादाच्या लांब पट्ट्या, थोड्या कमानीसारख्या वाकवलेल्या, एकावर एक ठेवलेल्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याची दोन्ही टोकं गोल वळवून गाडीला अडकवलेली. बाकीचे उतरत्या लांबीचे. मधोमध एक बोल्ट सगळ्यांतून आरपार, आणि यू बोल्टने ती सगळी जुडी एक्सलला आवळलेली. वजन आलं की कमान थोडी सपाट होते, वजन गेलं की परत वाकते. कमान सपाट झाली की पाटा लांब होतो, म्हणून त्याचं एक टोक पक्कं बांधतात आणि दुसरं टोक झुलत्या कडीला देतात. ती कडी गंजून जाम झाली तर पाटा कितीही चांगला असो, त्याला वाकताच येत नाही. वजन पेलणाऱ्याला एका बाजूला थोडी मोकळीक ठेवावी लागते, हे मिस्त्रींनी आम्हाला कडीला वंगण घालताना सांगितलं. ते गाडीबद्दलच बोलत होते.

काही गाड्यांत सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा असतो. गाडी हलकी असताना तो वरच्यांना टेकतही नाही. वजन फार झालं की मगच टेकतो आणि कामाला लागतो. असे लोक प्रत्येक केंद्रात असतात. वर्षभर दिसत नाहीत, उत्सवाच्या आदल्या रात्री येतात आणि चारशे लोकांची भांडी घासून जातात. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. पण त्यांच्या भरवशावर रोजचं वजनही लादू नये.

आता उपाय. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीकडे नुसतं बघून सांगितलं, 'एकेक पाटा वाढवतो, अडीच हजारांत गाडी ताठ.' दुसरा उपाय कोणी सुचवला की जुनेच पाटे काढून ठोकून परत कमान द्यायची. तिसरा, दोन्ही बाजूंचे पूर्ण नवे पाटे, नवे बुश, नवे यू बोल्ट, मजुरीसकट तेरा हजार. दानाच्या पैशातून करायचं, म्हटल्यावर अडीच हजारवाला उपाय सगळ्यांना धार्मिक वाटणं साहजिक आहे.

पण स्वस्त आणि बरोबर यांत फरक असतो, आणि इथे तो फार स्पष्ट होता. पाटा वाढवला की गाडी वर येते हे खरं. पण रिकामी असताना ती दगडासारखी कडक होते, प्रत्येक खड्डा हाडांना कळतो. आणि जुने पाटे जसे थकलेले होते तसेच आत राहतात, फक्त आता ते दिसत नाहीत. गोल स्प्रिंगवाल्या गाड्यांत वेढ्यांच्या मध्ये रबर घालून असंच करतात. गाडी ताठ दिसते. समोरच्याला वाटतं, काही झालंच नाही.

ठोकून कमान देण्याचं म्हणाल तर चांगला कारागीर थंड पाटा ठोकून कमान देतो, तेवढं काही काळ चालतं, पण थकलेलं पोलाद फिरून त्याच जागी बसतं. काही ठिकाणी तर घाई म्हणून गॅसच्या ज्वाळेने लाल करून वाकवतात. ते तर करूच नये. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. आधी लाल तापवतात, तेलात बुडवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. त्यातूनच त्याला वाकून परत येण्याची ताकद येते. ज्वाळेने ते पाणी उतरतं. दिसायला कमान छान, आतून पाटा मऊ.

आम्ही ऑटोनगरच्या दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी किंमत सांगायलाच नकार दिला. म्हणाले, 'आक्का, उघडल्याशिवाय मी बोलत नाही.' उघडलं. उजवीकडच्या जुडीतला तिसरा पाटा मधल्या बोल्टपाशी तुटलेला निघाला. बरोबर यू बोल्टच्या आवळणीखाली, जिथे बाहेरून कोणालाच दिसणार नाही अशा जागी. तुटलेल्या कडेवर गंज होता, म्हणजे काल-परवाची गोष्ट नव्हती. किती महिने तो तुटलेला पाटा जुडीत नुसता उभा होता आणि त्याच्या वाटचं वजन शेजारचे दोघे पेलत होते, देव जाणे. मिस्त्री म्हणाले, एक तुटला की शेजारचे लवकर तुटतात. त्याच्यावरच आणखी एक पाटा ठेवून आपण घाटात वीस घरांचं धान्य घेऊन जाणार होतो.

मग तेरा हजारांबद्दल कोणी काही बोललं नाही. दात्या काकांना आम्ही आधी सांगावं की नाही यावरही थोडी चर्चा झाली. त्यांना वाईट वाटेल असं काहींचं म्हणणं. सांगितलं. ते म्हणाले, 'बरं झालं उघडलंत, माझ्या हातून कुणाला दुखापत झाली असती तर मी काय केलं असतं?' दोन हजार त्यांनीच घातले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. खरं तर आम्हाला जास्त लिहायचं आहे ते यावर.

आपण ज्याला सोशीक म्हणतो तो मोठा गुण मानतो. पोथ्यांत मानतो, सोयरिकी जमवताना मानतो, कोणी गेल्यावर दोन शब्द बोलताना तर मानतोच. 'फार सोशीक होती हो.' हा शब्द बहुतेक बायकांसाठी वापरला जातो, पुरुषांसाठी 'कर्तबगार' असतो, हे जाता जाता. सोसणं वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. आजारी सासऱ्यांचं, हट्टी मुलांचं, स्वतःच्याच स्वभावाचं सोसल्याशिवाय कुठलं घर उभं राहिलंय? पण प्रश्न असा आहे: एखादं माणूस सोसतंय म्हणून त्याच्यावर आणखी ठेवणं, आणि वर त्याच्या सोसण्याची स्तुती करणं, हे धर्मात बसतं का?

आमच्यातल्या एकीने बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. तिने आठवण करून दिली, रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापला: जेवढं वजन, तेवढा ताण. दुप्पट वजन, दुप्पट ताण. वजन काढलं की स्प्रिंग मूळ जागी. शाळेत आपण तेवढंच शिकतो. पुढची गोष्ट अशी की हे एका मर्यादेपर्यंतच खरं. मर्यादा ओलांडली की वजन काढलं तरी ती परत येत नाही, थोडी वाकलेलीच राहते. आणि मर्यादेच्या आतसुद्धा लाखो वेळा खालीवर केलं तर पोलाद आतून थकतं आणि एक दिवस बारीक चीर पडते. त्या दिवशी वजन नेहमीपेक्षा जास्त असतं असंही नाही. म्हणून लोकांना नवल वाटतं: 'रोज तर एवढंच नेत होतो, आजच कशी तुटली?'

वैनींच्या बाबतीत अगदी हेच ऐकलं. 'रोज तर करत होत्या, आताच काय झालं?' दर गुरुवारी दीडशे पानं. पहाटे साडेचारला उठून आधी घरचं, सासूबाईंचं, मग अठरा किलो तांदूळ, वरण, दोन भाज्या, खीर, पुऱ्या. गेल्या दोन वर्षांत त्यांनी कणीक मळायला स्टूल घेतलं. मग परातीतून मोठं पातेलं उचलायला दुसऱ्या कुणाला हाक मारायला लागल्या. मग एक दिवस गुणगुणणं थांबलं. टेप लावायची गरज नव्हती, दिसत होतं. आमच्यातल्या दोघींनी बैठकीत बोलूनही दाखवलं होतं. उत्तर काय आलं? 'त्या आहेत म्हणून तर सगळं चाललंय. त्या केंद्राचा कणा आहेत.' टाळ्या झाल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा दीडशे पानं.

कौतुक हासुद्धा वाढवलेला पाटा असू शकतो. माणूस ताठ दिसायला लागतं. आतलं कोणी उघडून बघत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एका ज्येष्ठ काकांनी फार नीट मांडला, म्हणून त्यांच्याच क्रमाने सांगतो. ते म्हणाले, तापल्याशिवाय पोलाद होत नाही आणि कष्टाशिवाय साधना होत नाही. अंगाला झळ लागली की सेवा सोडायची, मग आपल्यात आणि हौसेखातर येणाऱ्यांत फरक काय? आणि वैनींनी सोडलं की उद्या दुसरी सोडेल, परवा तिसरी. दीडशे माणसं तर येणारच आहेत.

पहिल्या भागाला आम्ही गाडीच्याच पोलादाचं उत्तर देतो. पाणी देताना जो तापवतो तो बाजूला उभा असतो. लोखंडाचा रंग बघतो, वेळ झाली की बाहेर काढतो, पुन्हा तापवतो तेही बेताने, आणि मग थांबतो. त्या तापवण्याला डोळा आहे आणि शेवट आहे. गुरू शिष्याला जो ताप देतात त्यालाही डोळा असतो, म्हणून त्याला तप म्हणायचं. पण कोणीही बघत नसताना, केवळ सवय पडली म्हणून, केवळ दुसरं कोणी पुढे येत नाही म्हणून सोळा वर्षं जे अंगावर राहतं, त्याला तप म्हणणं आम्हाला पटत नाही. ती झीज आहे. दोन्हींत अंग सारखंच दुखतं, त्यामुळे ज्याचं दुखतं त्यालाही फरक चटकन कळत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर स्पष्ट सांगितलंय की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही. उपाशी आणि जागं राहणं म्हणजेच साधना, असं तिथेही म्हटलेलं नाही.

काकांचा दुसरा भाग मात्र खरा आहे. वैनींनी हात काढला म्हणून दीडशे माणसांची भूक कमी होत नाही. जुडीतला एक पाटा सुटला की शेजारच्यांवर येणारच. म्हणून हा प्रश्न एकट्या वैनींच्या विवेकाचा नाहीच, तो आपल्या सगळ्यांचा आहे. सोडणाऱ्याला 'का सोडलंस' विचारायच्या आधी, एवढं वजन एकाच जागी आलं कसं, हे बघायला हवं ना?

आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण करतात. ज्या खांद्यावर वर्षभर जू असतं तो हळद लावून, तेला-तुपाने चोळून मऊ करतात, आणि बेंदराला त्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शेतकऱ्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. सरकारने मात्र पुस्तकात घातलं. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आम्ही हे वैनींना सांगितलं तर त्या हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, 'मग मला बैलातच धरा की हो.'

माणूस आणि पाटा यांत फरक आहेच, तो विसरून चालणार नाही. बसलेला पाटा महिनाभर रिकामा ठेवला तरी उठत नाही, माणूस उठतं. पाटा बदलता येतो, माणूस बदलून नवं आणता येत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक हा की पाट्याला विचारता येत नाही. वैनींना आम्ही विचारलं, नेमकं काय झालं? आम्हाला वाटलं गुडघे म्हणतील. त्या म्हणाल्या, 'गुडघे आहेतच. पण मला आरतीला समोर उभं राहायचं आहे. सोळा वर्षं गुरुवारची आरती मी स्वयंपाकघरातून ऐकते.'

यावर आम्हाला कुणालाच काही बोलता आलं नाही. ज्या दर्शनासाठी आपण सगळे येतो, ते आपल्याला नीट व्हावं म्हणून एक माणूस सोळा वर्षं भिंतीपलीकडे उभं होतं. सेवा हेच दर्शन, असं म्हणता येईल. पण ते त्या म्हणाल्या तर शोभेल. वाढून घेतलेल्या पानावर बसून आपण म्हणणं बरं नव्हे.

गाडीकडे परत येतो, कारण एक महत्त्वाचं राहिलं. नवे पाटे बसले, दोन्ही बाजू जोडीने बदलल्या, एकच बदलली तर गाडी पुन्हा कलते. टेप लावली, दोन्हीकडे ५०. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, महिन्याभराने ४९ भरलं. लगेच एकाने आनंदाने विचारलं, 'आता मजबूत झाली ना? मग वीस पोती टाकू.'

नाही. पाटे मजबूत झाले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. ब्रेक तेच आहेत, टायर तेच, एक्सल तोच, चॅसी तीच. गाडी किती नेऊ शकते ते कागदात असतं: पूर्ण भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. आपल्या गाडीचं उत्तर येतं ५४० किलो. त्यात चालवणाराही मोजायचा. आता हिशेब बघा. वीस घरांना पंधरा किलोप्रमाणे तीनशे किलो तांदूळ, म्हणजे पंचवीस किलोची बारा पोती. शिवाय तेल आणि डाळ, चाळीस किलो धरू. राहिले दोनशे. सरासरी पासष्ट किलोचं माणूस धरलं तर तीन माणसं. गाडी सात आसनी आहे आणि दर खेपेला जायला नऊजण तयार असतात.

म्हणजे सेवेला जाण्याच्या आपल्या हौसेचंच वजन तांदळापेक्षा जास्त भरतं. कणकुंबीला माउलीचं दर्शन होतं, मलप्रभेचा उगम आहे, पावसात डोंगर हिरवागार, कोणाला जावंसं वाटणार नाही? पण तिथल्या आजीला आपल्या सातजणांची वाट नसते, तांदळाची असते. चार माणसं उतरली की दहा पोती चढतात, इतका सरळ हा हिशेब आहे. दोन खेपा कराव्यात असंही सुचवलं गेलं. डिझेल दुप्पट लागेल. ज्यांना यायचंच आहे त्यांनी कंकुंबीपर्यंत एसटीने यावं, असं आमच्यातल्या एकीचं मत आहे. बाकीच्या तिघी अजून विचार करत आहोत.

महाप्रसादाच्या बाबतीत वजन वाटून घेण्याआधी कमी केलंय. पुऱ्या बंद. दोन भाज्यांची एक भाजी. खीर एका गुरुवारी, शिरा एका गुरुवारी. काहींना हे रुचलेलं नाही, 'प्रसादात काटकसर नको' म्हणतात. त्यांचा भाव आम्हाला कळतो. पण वाढपी वाढवून तेच ताट ठेवणं म्हणजे तो अडीच हजारांचाच उपाय झाला असता. आता चार कुटुंबं पाळीपाळीने बघतील, महिन्यातून एकेक गुरुवार. पाचवा गुरुवार आला तर बाहेरून आणायचं. आणि आरतीच्या वेळी स्वयंपाकघर बंद, शेगडीसुद्धा. दहा मिनिटं उशिरा जेवलं तर कोणाचं काही बिघडत नाही. वरणाला तेवढीच चांगली मुरायला सवड.

गेल्या गुरुवारी आरतीला वैनी तिसऱ्या रांगेत होत्या. पुढे या म्हटलं तर आल्या नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी कणकुंबीकडे जाईल. पहाटे सहाला निघायचं आहे. चालवायला अण्णा आहेत. उरलेल्या दोन जागांपैकी एकीसाठी वैनींनी नाव दिलं आहे. दुसरं नाव बुधवारपर्यंत कळवावं, एकापेक्षा जास्त आली तर चिठ्ठी टाकू. पोती शनिवारी रात्री तोलून ठेवलेली असतील. टेप गाडीच्या डिकीतच ठेवली आहे, काढून नेऊ नये.